अठरावी जोडी

गुरुत्वीय लहरी टिपनारं यान अजून उडायचंय, म्हनून कर्जतच्या सगळ्यांना खुल्या शिबिरात सरांनी परदेशात सरावासाठी बनवलेला त्या लहरींचा आवाज लावला. त्यात एकमेकांभवती फिरनाऱ्या ताऱ्यांच्या लई जोड्या एकदमच घुमत हुत्या. किती, ते वळखायचं. चुकला तो घरी. सगळ्यांच्या लॅपटॉपनं सतरा काढल्या. माझ्याकडं लॅपटॉप न्हवता, मी नुसत्या कानानं ऐकून म्हनलं, “अठरा.” सर हसले. “ती यंत्राची खरखर आहे. शाळा कितवीत सोडलीस?” “आठवीत, ऊसतोडीला गेल्ते तवा. कारखान्यावर शंभर गाड्यांच्या घुंगरांत आमचे बैल वळखायची मी. सर, मधी आवाज तुटला, तरी अठरावी जोडी त्याच ठेक्यात परत आली. खरखर ठेका धरती व्हय?” सरांनी उत्तराचे कागद वाटले. शेजारची इंजिनीअरिंगवाली स्नेहलताई कुजबुजली, “येडे, सतरा लिही. घरी घालवतील.” “मंग जाईन की,” मी म्हनलं, “पन अठराच लिवून जाईन.” आन खोडता येऊ न्हाई म्हनून पेनानं लिवलं.