टेकू लावायच्या आधी

पहिला ठोसा कानशिलात बसला तेव्हा मिस्त्री टेकू उचलत होता. डंपरचा हौदा वर उभा होता, इंजिन चालू होतं, आणि हौद्याखाली हात घालायच्या आधी लोखंडी टेकू लावायचा हा त्याचा बत्तीस वर्षांचा नेम होता. टेकू नाही तर खाली माणूस नाही. हा नेम मोडणाऱ्या एका मेकॅनिकला त्यानं भर वर्कशॉपात कानफटवलं होतं. आज तोच टेकू त्याच्या हातातून सुटला आणि खणकन फरशीवर पडला.

"कुठंय ती?" जावयानं विचारलं.

"स्टोअरला गेलीय, ग्रीस आणायला." मिस्त्रीनं कान दाबून धरला. "जावईबापू, उद्या सकाळी पाठवतो म्हटलंय ना तुम्हाला? शब्द दिलाय मी."

"उद्या नाही, आत्ता. प्लास्टर घातलेला हात घेऊन तिला इथं मिरवता आणि चारचौघांत माझी शोभा करता?"

मिरवायची हौस मिस्त्रीला नव्हती. दहा दिवसांपूर्वी मुलगी मोडलेलं मनगट घेऊन माहेरी आली. घरात बसून रडण्यापेक्षा तुमच्याबरोबर येते म्हणाली. लहानपणापासून गाड्यांमध्येच वाढलेली पोर. एका हातानं हौदा वरखाली करून द्यायची, फिल्टर पुसायची. चार वर्षांत ती अशी चार वेळा आली होती आणि दर वेळी मिस्त्रीनं तिला तेच ऐकवलं होतं, भांड्याला भांडं लागतंच, थोडं सोसायला शीक. इंजिनातली बारीकशी खरखर ऐकून अख्खी गाडी खोलणारा हा माणूस पोरीच्या बाबतीत मात्र कानात बोळे घालून बसला होता. हे त्याचं त्यालाही कळत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

दुसरा ठोसा तोंडावर आला. एक दात हलला, तोंड रक्तानं भरलं. मिस्त्री मागे सरकला, टेकूला अडखळला आणि चाकाच्या पुढं गाडीच्या सांगाड्यावर, चासीवर उताणा पडला. वर हौदा होता. जावई त्याच्यावर वाकला. दोन्ही हातांनी त्यानं सासऱ्याचा गळा धरला आणि डोकं लोखंडावर आपटलं. मग पुन्हा आपटलं.

"बाहेर व्हा," मिस्त्री कसाबसा म्हणाला. "टेकू लावलेला नाही."

"टरकली का, मामा?" जावई हसला आणि पकड आणखी आवळली.

तेवढ्यात वरून बारीक सुस्कारा आला. हौदा उचलून धरणारं तेल परत टाकीत जायला लागलं की असा आवाज होतो. मिस्त्रीनं तो झोपेतही ओळखला असता. हौदा खाली येत होता.

येऊ दे, असं त्याला एकदा वाटलं. दोघंही जाऊ, पोर तरी सुटेल. पण बत्तीस वर्षं माणसांना हौद्याखालून बाहेर काढणाऱ्या अंगाला ते पटेना. त्यानं गुडघे पोटाशी घेतले आणि जावयाच्या छातीवर दोन्ही पायांनी अशी लाथ घातली की तो चार हात लांब जाऊन पडला. बरगडी मोडल्याचा आवाज आला. मिस्त्री स्वतः चासीवरून घसरून खाली चाकांच्या मध्ये कोसळला. वर हौदा धाडकन बसला. चासीवर ठेवलेली रिकामी ग्रीसगन चपटी झाली.

वेल्डर आणि टायरवाला धावत आले.

"पाइप फुटला असणार," वेल्डर जावयाला उठवत म्हणाला. "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

मिस्त्री पाठीवर पडून वर बघत होता. हौदा उचलणाऱ्या जॅकचा तेलाचा पाइप त्याच्या नाकासमोर होता. तो फुटला असता तर मिस्त्री एव्हाना तेलानं न्हाला असता. पण तेलाचा एक थेंबही कुठं नव्हता. मिस्त्री दुसऱ्या बाजूनं सरपटत बाहेर आला आणि त्यानं कॅबिनचं दार उघडलं.

ड्रायव्हरच्या जागेवर मुलगी बसली होती. ग्रीसचा डबा पायाशी होता, प्लास्टरचा हात मांडीवर, आणि दुसरा हात हौद्याच्या लिव्हरवर. बापाचं रक्ताळलेलं तोंड बघून ती पांढरीफटक पडली.

"बाबा, तुम्ही खाली होतात?" ती पुटपुटली. "मला आरशात फक्त त्यांची पाठ दिसत होती."

मुंगी मारायलाही घाबरणारी ही पोर. त्यानं तिची बोटं एकेक करून लिव्हरवरून सोडवली.

"या बाजूनं उतर. स्टोअरला जा. मी हाक मारीन तेव्हाच ये."

मग पाना घेऊन तो पुन्हा गाडीखाली शिरला. पाइपचा घट्ट बसलेला नट त्यानं पूर्ण सैल केला. तेल त्याच्या तोंडावर, छातीवर ओतलं गेलं. सैल नटाचा दोष नेहमी मिस्त्रीचाच असतो, हे वर्कशॉपात सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझ्याच हातनं नट सैल राहिला," तो बाहेर येऊन म्हणाला. वेल्डर त्याच्याकडे बघतच राहिला. अशी चुकीची कबुली त्यानं या माणसाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

जावई भिंतीला टेकून छाती दाबत बसला होता.

"मामा, तुम्ही होतात म्हणून वाचलो."

मिस्त्री त्याच्यासमोर उकिडवा बसला. तेलकट हातानं त्यानं जावयाची कॉलर सरळ केली आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तिला न्यायला परत येऊ नका, जावईबापू. दर वेळी मी हौद्याखाली असेनच असं नाही."