चालीचा धनी

या, सतरंजीवर अजून जागा आहे. असे पुढे सरका, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. एका चालीच्या धन्याची गोष्ट ऐकवायची आहे, आणि ती लांबून ऐकण्यासारखी नाही.

शेखरने पेटीवरचे हात उचलले, तेव्हाच क्षमाला कळलं, हीही चाल गेली.

"थांबला काहून तू?"

"दीदी, राग नका मानू. ही तर आपल्या नरहरीबुवांची चाल आहे."

क्षमाने पदाची वही मिटली. पहिली चाल एका आरतीसारखी निघाली होती, दुसरी शाळेतल्या प्रार्थनेसारखी. आणि ही तिसरी, तीन आठवडे नवा रायपूरच्या ऑफिसात जाता-येता बसमध्ये जुळवलेली, ती थेट गुरूच्या घरची!

रामनवमीला पुरानी बस्तीतल्या मंदिरात तिचं पहिलं कीर्तन होतं. चार दिवस उरले होते. पद तिने स्वतः रचलं होतं. छत्तीसगडची लेक कौसल्या रडणाऱ्या रामाला मांडीवर घेऊन गप्प करते आहे, एवढंच. पण चाल दुसऱ्याची असली, तर गाण्याआधी तिच्या धन्याची भर सभेत आठवण काढायची, हा बुवांचा दंडक. क्षमाने मात्र मनाशी पक्कं केलं होतं, पहिल्या कीर्तनात कोणाचंच नाव घ्यायची वेळ येऊ नये. नाहीतर लोक म्हणणार, या पोट्टीजवळ स्वतःचं आहे तरी काय?

"मी नाही उभी राहत," ती म्हणाली. "बुवांना सांगून येते, दुसरं कोणी बघा."

बुवा रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून तेलीबांध्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत. त्यांनी आधी पद म्हणायला लावलं. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून ऐकलं.

"वा! रामाले झोप लागली बरं का. आता रडाले काय झालं तुले?"

"बुवा, चाल तुमची आहे."

"माझी? अगं, मी तर उचलली थे गोल बाजारातून! काकूले बांगड्या भराले घेऊन गेलो, तर रीना बांगडीवाली भरता भरता गुणगुणून राहिली होती. तिनं थांबू नये म्हणून मी म्हटलं, आणखी एक डझन भर."

"आणि मग म्हणे, रंग नाही आवडला, काढ!" वनमालाकाकू आतून ओरडल्या. "चार दिवस हात सुजला होता माझा."

"पण तुम्ही तिचं नाव कुठं घेता?"

"घेत होतो. मग बाजारात लोक तिले गा गा म्हणून छळाले लागले. तिनंच हात जोडले. तवापासून 'एका माउलीची चाल' म्हणतो."

क्षमा चकित झाली. ती माउली म्हणजे जगदंबा, असंच ती आजवर समजत आली होती.

"जा, तिले विचार. हो म्हणाली तर नाव घेऊन खुशाल गा. नाही म्हणाली, तर मी सांगतो दुसऱ्या कोणाले."

गोल बाजारात रीना दीदी गिऱ्हाइकाच्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होती. चाल ऐकताच तिचा हात थबकला.

"मोर नोहय, मेरी नहीं है, बेटा. मैं पहले पुरानी बस्ती में किराये से रहती थी. बाजू में एक मराठी भाभी थीं. बच्चे को सुलाने के लिए यही गाती थीं. मैंने बस बीच में थोड़ा घुमा दिया. चूड़ी भरते समय सीधा नहीं बैठता ना!"

आणि तिने गाऊन दाखवलं. बांगड्या किणकिणत होत्या. शेजारी भाव करणाऱ्या दोन बाया भाव विसरल्या. क्षमाही गाऊ लागली. बुवांची जागा आली, दीदीचं वळण आलं, आणि काहीच बिघडलं नाही. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच स्वतःवर पहारा न ठेवता गात होती.

"अरे, आखिर में ये क्या किया तूने?" दीदीने विचारलं. "ये तो नया है."

"माहीत नाही. आलं आपोआप."

"मैं ले लूँ?"

"घ्या ना!" क्षमा म्हणाली, आणि तिला हसू आलं. आता धनी कोणीही निघो, ती गाणार होती. फक्त नाव तेवढं हवं होतं. "दीदी, मंदिरात तुमचं नाव घेतलं तर चालेल ना? आणि त्या भाभी कोण?"

"तू ले ले, बेटा, तेरे को मना नहीं. और वो सुशीला भाभी. उनके साहब कलेक्टरेट में थे."

क्षमाने तिथल्या तिथे नागपूरला भावाकडे फोन लावला. सुशीला ही तिचीच आई, हल्ली भावाकडे राहणारी, आणि कलेक्टरेटातले साहेब म्हणजे तिचे बाबा.

"आई, पुरानी बस्तीत तू अंगाई म्हणायचीस, त्याची चाल तुझीच ना?"

"माझी? अगं, मले कुठली चाल सुचते! मी तर…"

पुढचं ऐकता ऐकता क्षमा दुकानाच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"क्या बोलीं भाभी?"

"रामनवमीला मंदिरात या, दीदी. धन्याचं नाव सगळ्यांसमोर घेणार आहे."

रामनवमीच्या दुपारी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. राम हा या मुलखाचा भाचा, त्यामुळे अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, मामा-मामी होऊन जन्माला हजर. पुढे बुवा आणि काकू, त्यांच्या शेजारी रीना दीदी. जन्म झाला, पाळणा हलला. क्षमाने शेखरला सूर धरायला खुणावलं आणि हात जोडले.

"मंडळी, या पदाची चाल माझ्या गुरूंनी रीना दीदींकडून घेतली. दीदींनी सुशीलाबाईंकडून. आणि सुशीलाबाईंनी ती घेतली तीन महिन्यांच्या आपल्या पोट्टीच्या रडण्यातून. रोज संध्याकाळी पोट दुखलं की ती याच सुरात भोकाड पसरायची. आई बिचारी तिच्या सुरात सूर मिसळायची, तेव्हा कुठं ती गप्प व्हायची. दंडक आहे, म्हणून धन्याचं नाव घेते: क्षमा. पद गोड लागलं, तर त्या रडक्या पोट्टीची आठवण असू द्या."