काय ते धुकं!

समीक्षक दुवालांचं पत्र आलं की चित्रकार आन्सेल्म ते दोन-दोन दिवस उघडायचाच नाही. मागच्या पत्रात त्यांनी त्याला सरळ भिंती रंगवायला जा म्हणून सांगितलं होतं. आज मात्र पत्र वाचता वाचता तो पॅरिसच्या त्या एवढ्याशा खोलीत गिरक्याच घ्यायला लागला.

"क्लोतिल्द, ऐक! 'महाशय, प्रदर्शनात तुमची नदी पाहिली. काय ते धुकं! असं धुकं आजवर कुणाला साधलं नाही!'"

"धुकं? अहो, तुम्ही तर रणरणतं ऊन रंगवलं होतंत!"

गिरकी अर्ध्यावरच थांबली.

"चित्र झाकून न्यायला माझा खिडकीचा मलमलीचा पडदा ओढून नेलात, तो तिथे काढलात ना?"

आन्सेल्मने पत्राकडे पाहिलं, मग खिडकीत उरलेल्या एकुलत्या एक पडद्याकडे.

"राणी, तोही दे ना काढून!"