रत्ना बसली की

"आई, किचन!" रुही ओरडली.

रत्नाने पोह्यांची बशी टीपॉयवर ठेवली आणि ती मुकाट्याने आत गेली. पेलिकन्सची, म्हणजे घरच्या लाडक्या बेसबॉल टीमची, मॅच सुरू असताना तिने टीव्हीसमोर बसायचं नाही, हा फ्रीमाँटच्या त्या घरातला कायदा होता.

कायदा तिच्या नवऱ्याने, श्रीरामने केलेला. तो चिप टेस्टिंगमध्ये होता, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीचं एक्सेल तयार असायचं. "रत्ना बसली अशा मॅचेस अकरा. त्यातल्या पेलिकन्स हरले अकरा. ही अंधश्रद्धा नाही यार, डेटा आहे!" नागपूरच्या हॉस्टेलात क्रिकेट बघताना भागीदारी जमली की हाच माणूस दोन-दोन तास जागचा हलायचा नाही, पाणी प्यायलासुद्धा. अमेरिकेत येऊन क्रिकेटचं बेसबॉल झालं, एवढाच काय तो फरक.

एरवी रत्नाने हसून सोडून दिलं असतं. पण २००३ सालचा तो सीझन नुसत्या खेळाचा नव्हता.

"पुढच्या वर्षी परत जाऊ" म्हणता म्हणता बारा वर्षं गेली होती. आई गेल्यापासून तिचे आप्पा धरमपेठेतल्या घरात एकटेच राहायचे. फोनवर कधी तक्रार नाही. फक्त आज काय भाजी केली ते सांगायचे, आणि भाजी रोज तीच असायची. रत्नाला ते ऐकून रडू यायचं. श्रीरामला मात्र इथलं सगळं मानवलं होतं. मोकळे रस्ते, ऑफिस, परसातलं स्वतः लावलेलं लिंबाचं झाड, आणि हो, पेलिकन्स.

मार्चमध्ये वाद हातघाईवर आला तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. यंदा पेलिकन्सनी पेनंट जिंकलं तर इथेच राहायचं, पुन्हा विषय नाही. नाही जिंकलं तर डिसेंबरात बिऱ्हाड नागपूरला."

पेनंट म्हणजे लीगमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमचा झेंडा. पेलिकन्स आदल्या वर्षी शेवटून पहिले आले होते. रत्नाने लगेच टाळी दिली. मनातल्या मनात तिने बॅगासुद्धा भरल्या.

आणि नेमकं त्याच वर्षी त्या मेल्यांच्या अंगात काय संचारलं, देव जाणे! जून गेला, जुलै गेला, पेलिकन्स वरवरच चढत राहिले. ऑगस्टमध्ये एकदा तिला राहवलं नाही. भज्यांचं निमित्त करून ती बाहेर आली आणि चक्क सोफ्यावर बसली. दहा मिनिटांत जिंकत आलेली मॅच गेली. रुही पाय आपटत खोलीत निघून गेली. श्रीराम भजी खात बसला, तीही थंड. रत्नाला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

आज सप्टेंबरातला शेवटचा रविवार. दोन टीम्स बरोबरीत, समोरासमोर. जिंकेल त्याचा झेंडा.

सकाळी तिने नागपूरला फोन लावला होता. "आप्पा, आमचं काही येणं जमेलसं दिसत नाही," तिने शेवटी सांगून टाकलं. पलीकडून आप्पा म्हणाले, "अगं, मग काय झालं? मी ठणठणीत आहे. आज दोडका केला होता." फोन ठेवून ती वळली, तर श्रीराम चहाचा कप घेऊन मागे उभा.

"झालं बोलून?"

"हो."

"काय म्हणतात?"

"काही नाही. दोडका केला होता."

त्याने मान हलवली आणि कप तसाच सिंकमध्ये ठेवला.

आता दुपारचे चार वाजत आले होते. बाहेरून रुहीच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. शेवटची इनिंग, पेलिकन्स एका रनने पुढे, समोरच्यांची शेवटची बॅटिंग. तीन आउट काढले की झेंडा पेलिकन्सचा.

पहिला आउट झाला. रत्ना ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर जाऊन नुसतं बसायचं, बस्स. कुणी हाताला धरून उठवणार होतं थोडंच?

ती दारापर्यंत गेलीही. फटीतून बापलेक दिसत होते. रुही उशी कवटाळून बसली होती. श्रीराम सोफ्याच्या अगदी कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, हॉस्टेलातल्यासारखाच. बारा वर्षांत या माणसाने स्वतःसाठी दुसरं काय मागितलं होतं? असू दे, तिने मनाशी म्हटलं. आप्पांना आपण दरवर्षी भेटून येऊ.

इथे उभी राहिले तर पाय पुढे पडतील, या भीतीने ती मागच्या दाराने परसात गेली. टीव्हीचा आवाज कानावरसुद्धा यायला नको होता. दोरीवरचे वाळलेले कपडे तिने उगीचच पुन्हा झटकून वाळत घातले. डोळे सारखे भरून येत होते. नागपूरला आता पहाट झाली असेल, आप्पा उठले असतील.

काचेचं सरकतं दार खाडकन उघडलं. श्रीराम अनवाणी धावत आला.

"अगं, इथे काय करतेयस? मी किचनभर शोधतोय तुला!"

"का? जिंकले?" तिने पदराला नाही, हातातल्या टॉवेललाच डोळे पुसले.

"दोन आउट झालेत, एकच राहिलाय." त्याने तिचं मनगट धरलं आणि तो तिला ओढतच सोफ्याकडे निघाला. "चल, बस पटकन, नाहीतर जिंकतील ते!"