ठरलेले तीन प्रश्न

लोणावळ्यातील एका शाळेचा रग्बी संघ अडतीस साली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. बदली खेळाडूची सोय नव्हती. डोक्याला मार बसलेल्याला विज्ञानशिक्षक गोपाळकृष्ण हंगामभर तेच तीन प्रश्न विचारत: आज वार कोणता, समोर कोण, गुण किती? उत्तरे बरोबर आली, तर परत मैदानात. महिन्यापूर्वी असाच मार बसलेला महिपती तिन्ही उत्तरे देऊन परतला, आणि त्याच संध्याकाळी बेशुद्ध होऊन वारला. तेव्हापासून त्यांचा आपल्या पद्धतीवरचा विश्वास डळमळला होता. आज अंतिम सामन्यात संघातला कोंडाजी डोक्यावर पडताच त्यांनी क्रम उलटवून आधी गुण विचारले. “शनवार.” “समोर कोण?” “खडकीवाले.” “वार?” “सहा-तीन, मास्तर.” गोपाळकृष्णांनी त्याला खाली बसवले. “याला कुणी पढवले?” कर्णधार हौशीराम उसळला. “मीच. उचलताना समद्यांच्याच कानात सांगतो. गडी कमी पडला, तर जिंकायचं कसं?” “महिपतीच्याही?” “व्हय, मास्तर. तुमी परश्न कदी बदललेच न्हाईत.”