सोबतीण

ट्रूडीनं दोन्ही हात पुढे केले, तरी मर्लनं पिशवी सोडली नाही. पिशवीत बटन होती. पाच महिन्यांपूर्वी गाडीखाली मेलेल्या आईच्या पोटाशी जिवंत सापडलेली कांगारूची पोर.

"अगं, दे की," क्लाइव्ह म्हणाला. तो मर्लच्याच प्राणी-बचाव संस्थेचा चिटणीस. "बोर्डिंगात लेक सोडायला आल्यासारखा काय चेहरा केलायस?"

त्याच्या बगलेत दोन संस्थांचा करार होता. मर्लच्या मंडळींकडे साठ माणसं होती, सव्वीस वर्षांचा अनुभव होता, पण जागा नव्हती. ट्रूडीच्या संस्थेकडे पाच एकरांचं कुंपण होतं आणि जनावरांतलं कळणारी माणसं मोजून तीन. एकीनं पिल्लं जगवायची, दुसरीनं ती रानात सोडण्याजोगी करायची, असं ठरलं होतं. समितीत सगळ्यांनी हात वर केले तेव्हा मर्लनंही केला होता, सगळ्यांत शेवटी.

ट्रूडी या भागात येऊन चार वर्षंही झाली नव्हती. तिचं कुंपण निवृत्त सुतारांच्या मंडळानं फुकट बांधून दिलं, पाण्याची टाकी कुणी शेतकऱ्यानं दिली, आणि वर्तमानपत्रात फोटो आला तो एकट्या ट्रूडीचा. मर्लनं तो फोटो एका जखमी पोसमच्या पिंजऱ्यात तळाला अंथरला होता. तिच्या पोटात दुखत होतं आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

अखेर तिनं पिशवी दिली. सोबत दोन पानी कागदही दिला. दूध किती, किती गरम, कुठल्या वेळी, कुठल्या कानामागे खाजवलेलं आवडतं, सगळं तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. एकच ओळ लिहिली नव्हती. डोळे झाकल्याशिवाय बटन बाटलीला तोंड लावत नसे.

करारात एक कलम होतं. पिल्लू नव्या जागी दूध प्यायलं नाही, तर त्याला त्याच दिवशी परत न्यायचं. मर्ल त्या कलमाच्या भरवशावर आली होती.

ट्रूडी गवतावर मांडी घालून बसली. बटननं बाटली हुंगली आणि मान फिरवली. ट्रूडीनं दुसऱ्या बाजूनं बाटली धरली. बटननं लाथ झाडली, दूध ट्रूडीच्या स्वेटरवर सांडलं.

"गरम कमी पडलं असेल," क्लाइव्ह म्हणाला.

"बरोबर आहे गरम," मर्ल म्हणाली. तिला आतून गुदगुल्या होत होत्या. अर्ध्या तासात तिसऱ्यांदा दूध कोमट करून आणलं गेलं आणि तिसऱ्यांदा बटननं तोंड फिरवलं. मग पिल्लं आईला हाक मारतात तसं ती चक् चक् करू लागली. नजर मर्लकडे होती.

"राहू दे, ट्रूडी," मर्ल म्हणाली. "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

ट्रूडीनं बाटली खाली ठेवली. "माहितीय मला," ती म्हणाली. "रस्त्यात जखमी जनावर दिसलं की लोक माझ्या दारावरून पुढे जातात आणि तुला फोन लावतात. एवढी मोठी पाटी लावलीय मी, तरीही. रडू येतं कधीकधी." तिनं कुंपणाच्या टोकाकडे हात केला. "ती कांगारूची पोर, पीच. तिची सोबतीण मेली त्याला नऊ दिवस झाले. तेव्हापासून त्या तारेला चिकटून उभी आहे, धड चरत नाही. एकटी राहिली तर मरेल ती. म्हणून मी तुमच्या दारात आले. नाहीतर आले असते का?"

मर्लनं पाहिलं. कोपऱ्यातल्या पोरीच्या बरगड्या दिसत होत्या. बटनचं चक् चक् ऐकून तिचे दोन्ही कान इकडे वळले होते. ती एक उडी पुढे आली, थांबली, आणखी एक उडी आली.

क्लाइव्हनं पेनाचं टोपण लावलं. "मग नेऊ या का बटनला परत?"

बटन आज घरी आली असती. रात्री चुलीशेजारच्या टोपलीत झोपली असती आणि जन्मभर माणसांमागे फिरली असती. असं होऊ द्यायचं नाही, हेच इतरांना समजावण्यात मर्लची सव्वीस वर्षं गेली होती.

"डोळे झाक तिचे," ती म्हणाली.

"काय?"

"डोळे. त्याशिवाय पीत नाही ती."

ट्रूडीनं कागद उलटसुलट पाहिला. "हे इथं नाही."

"नाही. मीच लिहिलं नाही."

ट्रूडीनं बटनला मांडीवर घेतलं आणि बाटली उचलली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते, तेव्हा मर्लच गुडघे टेकून बसली आणि तिनं आपला तळवा बटनच्या डोळ्यांवर ठेवला. ट्रूडीनं बाटली लावली. बटन प्यायला लागली. परक्या बाईच्या मांडीवर, गटागटा. मर्लचा नुसता जळफळाट झाला, पण हात काढायची सोय नव्हती. बाटली रिकामी होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

पीच आता हाताच्या अंतरावर आली होती. बटन मांडीवरून उतरली. दोघींनी नाकाला नाक लावलं, आणि मग दोघी मिळून टाकीच्या सावलीत गेल्या. बटननं मागे वळून पाहिलं नाही.

"वसंतात मागचं फाटक उघडायचं," ट्रूडी स्वेटर पुसत म्हणाली. "त्यानंतर मी हाक मारली आणि दोघी धूम पळाल्या, तर आपलं जमलं म्हणायचं."

"तुलासुद्धा ओळखणार नाही?"

"ओळखताच कामा नये." ट्रूडीचा आवाज जरा चिरकला.

मर्लनं तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच तिला ही बाई आवडली.