पाचवी चूक

‘चुकीचा आकडा. उरलेले प्रयत्न चार.’

भर बैठकीत मि-रानचा मोबाइल थरथरला. मग उरले तीन. मग दोन. ती सोलच्या कचेरीत होती, आणि तिकडे मोकपोला स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर थंडीत अप्पा उभे होते. ती उठून बाहेर आली आणि तिनं फोन लावला.

“अप्पा, लग्नाची तारीख दाबा. शून्य, चार, एक, सात.”

“तेच दाबतोय गं. बोटं गारठलीत.”

“कसली बोटं,” फोनवर मागून शेजारच्या आजी बोलल्या. “मघापासून काहीतरी दाबतात आणि नुसते दाराकडे बघत राहतात बिचारे.”

महिन्यातली ही चौथी वेळ. दाराचं ते आकड्यांचं कुलूप मि-राननंच बसवलं होतं. दार नीट उघडलं तर ते गप्प बसायचं, चुकलं तरच तिला कळवायचं. हल्ली सारखं कळवत होतं. रेल्वेच्या मालधक्क्यावर चाळीस वर्षं मालडब्यांचे नंबर तोंडपाठ ठेवणारा माणूस, आणि त्याच्या डोक्यात चार आकडे राहीनात.

आईचंही असंच सुरू झालं होतं. पाऊस सरता सरता तिला डोंगरापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं, विसराळू म्हाताऱ्यांच्या मजल्यावर. भेट फक्त रविवारी, अर्धा तास. अप्पा कोटाच्या खिशात भाजलेलं रताळं लपवून न्यायचे, सोलून तिला भरवायचे आणि वेळ संपली की परिचारिकेशी हुज्जत घालायचे. आई आता मि-रानला ओळखत नव्हती. अप्पांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मि-राननं मनाशी धरलं होतं.

अप्पांनाही शुश्रूषागृहात ठेवायचं का, याच्या सरकारी तपासणीच्या दिवशी ती रजा टाकून आली. ते ठरवणाऱ्या बाई वयस्क होत्या, स्वभावानं गोड. त्यांनी वार विचारला. अप्पांनी भलताच सांगितला.

“असू दे, आजोबा. बाहेर जाऊन दार तेवढं उघडून दाखवा बरं.”

शून्य. चार. बोट थांबलं. मि-रान बाईंच्या पाठीमागे होती. तिनं हळूच एक बोट दाखवलं, मग सात. अप्पांनी तिच्या हाताकडे नीट पाहिलं, मान फिरवली आणि नऊ दाबला.

पाचव्या चुकीला कुलूप किंचाळायला लागलं.

“आज घाबरलेत ते,” मि-रान म्हणाली. “एरवी येतं त्यांना.”

बाईंनी तिचा मोबाइल मागून घेतला आणि महिन्याभरातले संदेश खालपर्यंत वाचले.

“माणूस एक वेळ खोटं बोलेल, पोरी. कुलूप कशाला बोलेल?”

मि-राननं आईच्याच शुश्रूषागृहाच्या कागदांवर सही केली. सामान भरताना तिला रडू आवरेना. अप्पा शांत होते. “तो निळा मफलर घेतलास ना?” एवढंच त्यांनी दोनदा विचारलं. कुठं निघालोय हेही त्यांना कळत नसावं, असं वाटून ती आणखी रडली.

तीन आठवड्यांनी, रविवारी, ती भेटायला गेली. खालच्या टेबलाशी परिचारिका वैतागलेली होती.

“तुमच्या आईवडिलांच्या मजल्यावर भुताटकी आहे बघा. दाराचा आकडा आम्ही दर सोमवारी बदलतो, हातानं झाकून दाबतो. तरी रोज दुपारी कुणीतरी दार उघडून बागेत जातं. बाकाखाली रताळ्याची सालं सापडतात.”

“कोण असेल?”

“काय सांगू. तिथल्या कुणाला स्वतःचं नाव आठवत नाही. तुमचे वडील तर चमचा कुठल्या हातात धरायचा तेही विचारतात.”

मि-रान लिफ्टनं वर गेली. मजल्याचं दार काचेचं होतं, आतून बंद. पलीकडून अप्पा येत होते. पुढे चाकांची खुर्ची, खुर्चीत आई, आईच्या गळ्यात निळा मफलर. अप्पांनी मागे वळून पाहिलं. मग दाराच्या पेटीवर सहा आकडे दाबले, एका दमात.

दार उघडलं, आणि समोर मुलगी. अप्पांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

“मि-रान,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “खाली सांगू नकोस हं. मला परत घरी पाठवतील.”